मरीआईच्या पल्याड

प्रिय मामा,

सविनय जयभीम.

सासऱ्याला कुणी 'प्रिय' लिहितं का गं, असं आत्या आत्ताच माझ्या खांद्यावरून डोकावून विचारून गेल्या. मी म्हटलं, ज्या सासऱ्यानं मला लूनाच्या मागच्या सीटवर बसवून बीडभर हिंडवलं, त्याला 'तीर्थरूप' लिहिलं तर तोच हसेल. सासूबाई असूनही मी त्यांना आत्याच म्हणते, तसं हेही खपून जाईल. त्या हसल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नवं काही नव्हतं. भिंतीवर फोटो आहे, त्याच्याशी येता-जाता बोलणं होतंच. पण आज जे सांगायचं आहे ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. खुर्ची ओढून बसा.

जागा सापडली, मामा! शेवंताआक्काला ठेवलं होतं ती जागा.

विश्वास बसत नाही ना? कालपर्यंत माझाही बसला नसता. तुमची थोरली बहीण, तुम्हाला कडेवर घेऊन वस्तीभर मिरवणारी. निजामाच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांत कधीतरी गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली, ती आजारी पडली, आणि आजारी माणसांसाठी गावाबाहेर छपरं घातली होती तिथं तिला नेलं. ती परत आली नाही. कुठं नेलं, कुठं पुरलं, कुणी दाखवलं नाही. तुमच्या आईनं, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंनी, जागा सांगितली ती एवढीच: "मरीआईच्या पल्याड ठिवलती." तेवढ्याशा पत्त्यावर तुम्ही म्हातारे झालात.

आणि तुम्हाला सलायचं ते तिचं मरण नव्हे. पटकीनं तेव्हा घरोघर माणसं नेली होती, ते तुम्ही समजून घेतलं होतं. तुम्हाला सलायचं ते तिचं लांब जाणं. "एवढीशी पोर, एवढी लांब नेऊन टाकली. एकटी." हे वाक्य तुम्ही कितीदा बोललात! जेवताना मध्येच, बातम्या बघता बघता, कशाचा काही संबंध नसताना.

मला आठवतो तो आपला पहिला रविवार. सिरसाळ्याहून नवी नवरी म्हणून आले त्याला महिनाही झाला नव्हता. तुम्ही अंगणातून हाक मारलीत, "वैशाली, तू लॅबचा कोर्स केलेली हाय ना? चल, तुझ्या धंद्याचं मूळ दाखवतो." शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. सून सासऱ्याच्या गाडीवर! तुमचे चिरंजीव तर घरात दडून बसले. मी मात्र निघाले, कारण खरं सांगू का, मला भांडी घासायचा कंटाळा आला होता.

तुम्ही आधी नेलंत जुन्या सरकारी दवाखान्यात. निजामाच्या काळातली ती बसकी दगडी इमारत, आत कुणाचं तरी गोदाम. दारावर उर्दू अक्षरं कोरलेली, पण दरवर्षी चुना फासून फासून ती फुगून गेलेली. "डोळ्यांनी नाय दिसायचं. बोटानं वाच," म्हणालात. मी बोट फिरवलं आणि तुम्ही एकेक अक्षर सांगत गेलात. शफाखाना.

आत भिंती इतक्या जाड की भर उन्हाळ्यात अंगावर गारवा आला. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर गोल गोल खुणा पडल्या होत्या. तुम्ही सांगितलंत, माणसं घरून बाटली घेऊन यायची, ती या कट्ट्यावर टेकवायची, कंपाउंडर तिच्यात तांबडं मिक्श्चर भरायचा आणि बाहेरून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा. मी त्या खुणांवर तळवा ठेवला. किती हातांनी इथं बाटली टेकवली असेल, की दगडानंही झिजून जागा करून दिली! मी थक्क होऊन उभी होते आणि तुम्ही माझ्याकडे बघून खूश झाला होता.

मग हकिमांची गल्ली. त्या बंद घराच्या ओट्यावर भिंतीत एक झरोका, जेमतेम मनगट जाईल एवढा. पडद्यातल्या बायका आतून हात बाहेर काढायच्या आणि हकीम ओट्यावर बसून नाडी बघायचे. दगडाची कड नुसत्या मनगटांनी गुळगुळीत झालेली. "घाल हात," म्हणालात. मी घातला. हात आत गेला, पण लग्नातला हिरवा चुडा अडकला तो अडकलाच! तुमची काय धांदल उडाली! शेजारच्या चाचींनी साबणाचं पाणी आणून मला सोडवलं आणि तुम्हाला झापलं, "नई दुल्हन को ऐसा घुमाते क्या?" तुम्ही कान पकडलेत. पुढच्या रविवारी पुन्हा लूना काढलीतच.

तुमच्याबरोबर हिंडायला लागले आणि मला रोजचं बीड वेगळं दिसायला लागलं. जुन्या घरांच्या चौकटीवर मधोमध ठोकलेला खिळा मी आधी कधी पाहिलाच नव्हता. घरात देवी आल्या की त्या खिळ्याला कडुनिंबाचा डहाळा टांगायचा, म्हणजे बाहेरच्यानं आत यायचं नाही. दाराशेजारच्या भिंतीवर पुसट झालेले चौकोन, ते तुम्हा मलेरियावाल्यांचे. कोणत्या दिवशी घरात ताप विचारला, फवारणी झाली की नाही, सगळं त्या चौकोनात. तुम्ही आधी देवीची लस टोचायचात, मग मलेरियाला गेलात, त्यामुळे गावाची दारं तुम्हाला माणसांच्या तोंडासारखी पाठ होती. एकदा एका पडक्या दगडी भिंतीवर तेलरंगाच्या पापुद्र्याखाली तुमचीच सही निघाली. तुम्ही चष्मा काढून ती पुसलीत, चष्मा लावून पुन्हा वाचलीत, आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोन अनोळखी माणसांना बोलावून दाखवलीत. त्यांना कशाचा काही पत्ता लागला नाही!

फेरीचा शेवट मात्र ठरलेला. बायपासच्या कडेचं मरीआईचं देऊळ. टाइल्स लावलेलं, ट्यूबलाइटचं. तुम्ही लूना रस्त्याच्या अलीकडे पंक्चरच्या दुकानापाशी थांबवायचात. देवळाकडे बघायचंही नाही. त्याच्या पलीकडची शेतं, वीटभट्ट्या, प्लॉटिंगचे पांढरे खुंटे बघत बसायचात. "ह्याच्या पल्याड. पर कुठं?" एका वीटभट्टीवाल्याला तुम्ही विचारलंत, माती खणताना कधी बांगड्या, मडकी वर आली का? तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, जमीन सरकारजमा करायला साहेब आले.

मी एकदा म्हटलं होतं, "मामा, देवळात विचारू या की. तिथं एक म्हातारी बसलेली असते." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी पुन्हा विषय काढला नाही.

कारण मला नंतर आत्यांनी सांगितलं. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी गाड्यावर देवी, हिरवी साडी, लिंबं, बांगड्या. वाजतगाजत तो शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत ढकलून द्यायचा, म्हणजे रोग गेला. आणि ओढायचा कुणी? आपल्या माणसांनी. रोग सगळ्या गावाचा, हात तेवढे आपले! त्या वर्षी गाडा ओढणाऱ्यांत तुमचे वडील होते. ते परत आले आणि थोड्याच दिवसांत शेवंताआक्काला उलट्या सुरू झाल्या.

छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर तुमच्या वडिलांनी घरातले देव बिंदुसरा नदीत सोडले. मरीआईचा टाक सगळ्यात आधी. तिचं तोंड पुन्हा बघणार नाही असं ते म्हणाले, आणि ते शब्द तुम्ही शेवटपर्यंत पाळलेत. यात चुकलं कुठं? कुठंच नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही रस्ता ओलांडला नसता.

पण मामा, त्यात एक गोष्ट राहून गेली. आपण तिच्याकडे पाठ फिरवली, आणि त्यानंतर तिचं काय झालं हे आपल्या घरात, आपल्या गल्लीत कुणालाच कळलं नाही.

परवा लॅबमध्ये फोन आला. म्हातारीची उपाशीपोटीची शुगर बघायची आहे, तिला चालवत नाही, घरी येऊन रक्त घ्याल का? पत्ता बायपासचा. गेले, तर घर देवळाला चिकटलेलं! क्षणभर वाटलं, आल्या पावली परत फिरावं. मग वाटलं, रक्त काढायला आलेय, नवस बोलायला नाही.

म्हातारीचं नाव गयाबाई. देवळात बसलेली असायची तीच. देवळाची झाडलोट त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. हात बारीक, नस सापडेना, आणि सुई बघून त्यांनी डोळे गच्च मिटलेले. घाबरलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं, ही तुमचीच शिकवण. म्हणून मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आजी, देऊळ लई जुनं हाय का हो?"

"कशाचं जुनं? माझ्या नवऱ्यानं डोक्यावर आणली तिला हितं."

"कुठून?"

"जुन्या जकात नाक्यापून. अन् नाक्यापाशी माझ्या सासऱ्यानं आणलती, वढ्याच्या कडंहून. आमच्या घरानं दोन डाव उठवली तिला."

"कावून पण?"

त्यांनी डोळे उघडले. "गाव वाढलं की, बाई! तिला वेशीच्या आत कशी ठिवायची? घरं तिच्या म्होरं गेली की तिनं उठायचं अन् पुढं जायचं. तिला कोण दारात घेतंय?"

नळीत रक्त भरत होतं आणि मी नळीऐवजी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. देवी उठली होती, मामा! एकदा नाही, दोनदा! आजेसासूबाईंनी "मरीआईच्या पल्याड" म्हटलं तेव्हा मरीआई ओढ्याच्या काठावर होती. बायपासवर नव्हतीच. शेवंताआक्का गेल्यावर तुम्हाला लहानपणी त्या अंगाला कुणी फिरकूच दिलं नसणार, आणि तुम्ही जन्मभर चुकीच्या मरीआईच्या पल्याड शोधत राहिलात.

सुई काढली, कापूस लावला, आणि तिथं बसल्या बसल्या मी तुमच्यावर रागावले. एकदा, फक्त एकदा रस्ता ओलांडायचा होता! देवीला नव्हतं विचारायचं तर नव्हतं, गयाबाईंना विचारायचं होतं. त्या तर पाण्याचा तांब्या घेऊन सामोऱ्या आल्या असत्या. मग तो गाडा डोळ्यांपुढे आला, त्याचा दांडा धरलेले तुमचे वडील आले, आणि राग उतरला. जिवंत माणसालाच इतकं सांगता येत नाही, गेलेल्याला काय बोलणार?

काल रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा गयाबाईंना विचारलं, "जुनी जागा दाखवता का?" त्या लगेच चप्पल शोधायला लागल्या. शुगर वाढलेली होती तरी गूळ खाऊन निघाल्या, माझ्यासमोर! मी रिक्षा केली आणि आम्ही देवी ज्या वाटेनं पुढं आली त्याच वाटेनं उलट्या निघालो.

त्या वाटेवर मी जे पाहिलं, ते बघायला तुम्ही बरोबर असायला हवे होतात. बायपासच्या बाजूला काचा लावलेली नवी कोरी हॉस्पिटलं. तिथून आत जकात नाक्यापाशी आलो, तर एका रसवंतीच्या आणि मोबाइलच्या दुकानाच्या मधल्या फटीत शेंदराचा डाग असलेला ओटा, तिची दुसरी जागा. आणि त्याच्या आजूबाजूला कसल्या इमारती? जुनी बाळंतपणाची हॉस्पिटलं, एक्स-रे वाले, मेडिकलच्या दुकानांची रांग, सगळी तुमच्या तरुणपणातली. रोज त्याच रस्त्यानं जाते मी! देवी जिथं जिथं थांबली, तिच्या भोवती त्या त्या काळचे दवाखाने उभे राहिले होते. कारण तिच्या पलीकडची जमीन मोकळी असायची, तिथं घर बांधायला कुणी धजत नव्हतं. "सरकारी दवाखाना बघ, कायम अशा जागी जिथं कुणी संसार मांडला न्हाई," असं तुम्ही म्हणायचात. तुम्हाला उत्तर माहीत होतं, मामा. फक्त ते आपल्या घराला लावून बघायचं राहिलं होतं.

मग रिक्षा ओढ्यापाशी आली. ओढा आता स्लॅबखाली गेलाय, वर भाजीवाले बसतात. गयाबाईंनी रिक्षा थांबवली ती कुठं सांगू?

तुमच्या दवाखान्यापुढे. नगरपालिकेच्या. नोकरीची शेवटची वर्षं तुम्ही जिथं काढलीत आणि निवृत्त झाल्यावरही पोलिओच्या रविवारी जिथं टेबल मांडून बसायचात, तिथं.

कंपाउंडची भिंत तिथं सरळ येता येता एकदम कोपर काढते, आठवतं? गवंडी पिऊन आला होता म्हणून तुम्ही त्याची किती टिंगल केली होती! तो शुद्धीत होता. त्या कोपरात एक दगडी बैठक आहे, गुडघाभर उंचीची, रिकामी. त्यानं ती फोडली नाही, भिंतीला वळसा दिला.

गयाबाई बैठकीला हात लावून म्हणाल्या, "ही तिची पयली जागा." मग दवाखान्याच्या अंगणाकडं हात केला. "अन् हे पल्याड. सासू सांगायची, हितं छपरं हुती. मरीची माणसं हितं आणून ठिवायची. गेलेली हितंच मातीआड केली. मंग कोण राहतंय हितं? लई वर्सं पडीक हुतं, मंग सरकारनं दवाखाना बांधला."

अंगणात लसीकरण चालू होतं. बायका बाळं घेऊन ओळीनं बसल्या होत्या. एक बाळ टोचल्याबरोबर असं काही केकाटलं की बाकीच्यांनी न टोचताच सूर धरला. मी तिथं उभी राहून त्या ओळीकडं बघत होते.

आष्टीला नोकरीवर असताना ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर आडवे होऊन थांबवणारे तुम्ही, पोरांना डोस दिल्याशिवाय टोळी हलू न देणारे तुम्ही. लोक विचारायचे, या माणसाला एवढं काय पडलंय? तुम्ही शोधत होता एका मुलीला, आणि शोधता शोधता तिच्याच उशाशी टेबल मांडून दुसऱ्यांची पोरं वाचवत बसला होता! मी देवधर्म मानत नाही, नशीबबिशीब मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पडीक जमीन होती म्हणून दवाखाना झाला, दवाखाना होता म्हणून तुम्ही आलात, इतकं साधं आहे ते. तरीही त्या अंगणातून चालताना मी प्रत्येक पाऊल खाली बघून टाकत होते.

आता तुम्ही विचारणार, पुरावा काय? रक्ताची काच तपासल्याशिवाय मलेरिया न मानणारे तुम्ही! मीही लॅबवाली आहे, एका तोंडच्या शब्दावर रिपोर्ट देत नाही. पण आजेसासूबाईंचं आणखी एक बोलणं होतं, जे तुम्ही कधी धरलंच नाहीत. छपरापाशी घरच्यांना जाऊ देत नव्हते, म्हणून त्या रोज दिवेलागणीला अंगणाच्या कट्ट्यावर दिवा ठेवायच्या. म्हणायच्या, शेवंताला तिथून आपला दिवा दिसायचा. तुम्ही मान हलवायचात. "आईनं मनाची समजूत घातली. तिथून कुठला दिवा दिसतोय?" बरोबरच होतं तुमचं. बायपासकडून बघितलं तर मध्ये टेकाड येतं, दिवा सोडाच, आपलं भीमनगरच दिसत नाही.

मी गयाबाईंना बाकावर बसवलं आणि शिपायाकडं गच्चीची किल्ली मागितली. तो नाही म्हणत होता. तुमचं नाव सांगितलं, तसा किल्ली घेऊन स्वतःच पुढं झाला. तेव्हा मोकळं रान होतं, आता मध्ये इमारती झाल्यात, म्हणून जरा वर चढायला हवं होतं. सूर्य बुडाला होता. मी टाकीच्या कडेला उभी राहून घरी फोन लावला.

"आत्या, अंगणातला बल्ब लावा जरा."

"कावून? अजून उजेड हाय की."

"लावा ना."

"हिला काय झालंय आज! बिल काय तुझा बाप भरणार हाय का?" फोन कानाला धरूनच त्या निघाल्या. चपलांचा आवाज आला, मग बटणाचा.

आणि लागला, मामा! ओढ्याच्या त्या अंगाला, चढावर, आपल्या अंगणात, निळ्या झेंड्याच्या काठीशेजारी. इतका समोर की हाक मारली असती तर आत्यांनी वळून बघितलं असतं. त्या बल्बखाली उभ्या होत्या, एक हात कमरेवर. मला त्यांचा पदरसुद्धा दिसत होता.

ती लांब नव्हती हो! तुम्ही जन्मभर तिला बायपासच्या पलीकडं, वीटभट्ट्यांच्याही पलीकडं, कुठल्या कुठं एकटी टाकून ठेवलीत. ती ओढ्याच्या पलीकडे होती. आई तिच्यापर्यंत जाऊ शकत नव्हती, पण रोज संध्याकाळी तिला आई दिसत होती. दिवा ठेवायला वाकलेली, आणि ठेवून झाल्यावरही तिथंच उभी राहिलेली. आजेसासूबाई खरं बोलत होत्या, मामा. मनाची समजूत नव्हती ती.

मी गच्चीवर ढसाढसा रडले. फोन चालूच होता. आत्या पलीकडून विचारत होत्या, "वैशाली? अगं काय झालं? कुठं हायेस?" मी म्हटलं, "समोर बघा. दवाखान्याच्या गच्चीवर." त्यांनी मान वर केली. घरी आल्यावर मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानं थांबवलं. "मला उमगलं. आधी त्यांना लिही. मग मला सगळं नीट सांग." म्हणून हे पत्र.

तुमची रविवारची फेरी मी बंद पडू दिलेली नाही. आता आठ-दहा जण असतात. नर्सिंगच्या मुली, एक निवृत्त कंडक्टर, हकिमांच्या गल्लीतल्या चाचींची नात. तिनं झरोक्यात हात घालायच्या आधी मी बांगड्या काढायला लावल्या! या रविवारी आत्याही येणार आहेत, माझ्यामागे लूनावर बसून. इतकी वर्षं बोलावलं तर म्हणायच्या, पडके दवाखाने काय बघायचे? कालपासून त्यांनी साडी काढून ठेवलीय.

आणि एक वचन देते. त्या अंगणात मी फलक लावणार नाही, फुलं वाहणार नाही. पण यापुढं प्रत्येक फेरी तिथून सुरू होईल. बाळं घेऊन बसलेल्या बायांना मी शेवंता हे नाव सांगेन, इथं आहे म्हणून सांगेन. मग ओढ्यापलीकडचा चढ दाखवीन आणि म्हणेन, ते तिच्या आईचं घर. इथून दिसतं.

तुमची लॅबवाली सून,
वैशाली